वाईचा दीड दिवस

वाई हें गांव महाराष्ट्रांतील पुष्कळ लोकांनीं पाहिलें आहे. परंतु खालीं उतरून पाहिलें आहे असे लोक फार थोडे. पुणें-सातारा रस्त्यावर सुरूरचा फाटा आला कीं मोटारींचें तोंड पांचगणी-महाबळेश्वराकडे वळतें, आणि प्रवाशांचें मन तर मोटारीच्याहि आधीं घाटमाथ्यावर जाऊन बसलेलें असतें. मध्यें एक गजबजलेली पेठ लागते, नदीवरचा पूल लागतो, झाडींतून दोन-चार कळस दिसतात, कोणी तरी "ही वाई बरें का" असें म्हणतो, आणि तेवढ्यांत पसरणीच्या घाटाचें पहिलें वळण येतें. आम्हीहि या रस्त्यानें चार-पांच वेळां गेलों असूं. दर खेपेस वाई आम्हांस मोटारीच्या खिडकीएवढीच दिसली होती.

यंदाच्या डिसेंबरांत आमच्या शाळेच्या इयत्ता दहावीची सहल निघाली. ३४ विद्यार्थी, दोन शिक्षक आणि तीन दिवस. पांचगणी, महाबळेश्वर व प्रतापगड पाहून परत यावयाचें असा बेत होता. प्रत्येकीं २,००० रुपये वर्गणी ठरली होती. ही रक्कम कांहीं घरांतून एका हातानें येते, कांहीं घरांतून चार हप्त्यांनीं येते, आणि त्या हप्त्यांची नोंद वर्गशिक्षकाच्या वहींत असते. ती वही आमच्याजवळ होती, म्हणून कोणाच्या घरीं ही सहल काय मोलाची आहे हें आम्हांस ठाऊक होतें. शेवटचा हप्ता सहलीच्या आदल्या सायंकाळीं आला. तो आणणाऱ्या मुलाचे वडील जातीनें व धंद्यानें ओतारी. समया, टाळ, घुंगरें, देवळांच्या लहान घंटा ओतून ते संसार चालवितात. मार्चची परीक्षा झाली कीं मुलानें शाळा सोडून भट्टीवर बसावें असें त्या घरीं ठरल्यासारखें होतें. पैसे मोजून देतांना तो म्हणाला, "एवढी सहल होऊं द्या, सर. मग आहेच भट्टी." हें तो रडव्या स्वरानें म्हणाला नाहीं, आणि म्हणूनच तें आमच्या अधिक लक्षांत राहिलें.

पहांटे पांचास निघालेली आमची भाड्याची मोटार दुपारीं वाईची पेठ ओलांडून घाटाकडे वळली, आणि तिच्या पोटांतून करपट वास येऊं लागला. चालकानें गाडी रस्त्याच्या कडेस घेतली, खालीं वांकून पाहिलें, आणि "क्लच गेला, सर. घाट चढायची नाहीं," एवढें सांगून तो मोकळा झाला. लागणारा भाग पुण्याहून यावयाचा होता. तो दुसऱ्या दिवशीं सायंकाळपर्यंत बसेल असें कारागिरानें सांगितलें. मालकाशीं दूरध्वनीवरून पुष्कळ बोलणें झालें, पण त्यांतून दुसरी गाडी कांहीं निघाली नाहीं. स्वतः दुसरी गाडी करावी तर हातीं असलेल्या पैशांपैकीं निम्म्याहून अधिक तींतच जात होते, आणि मग तीन दिवस ३४ मुलांच्या जेवणाचें काय? आमच्या सहकाऱ्यांशीं विचार करून आम्हीं ठरविलें कीं मोटार दुरुस्त होईपर्यंत वाईसच राहावें.

हा निर्णय मुलांस सांगण्याचा प्रसंग आम्ही सहजासहजीं विसरणार नाहीं. कोणी ओरडलें नाहीं. ओरडलीं असतीं तर बरें वाटलें असतें. ३४ चेहरे एकदम उतरले. एकानें दबक्या आवाजांत विचारलें, "मग पैसे परत मिळतील?" ओताऱ्याचा मुलगा मोटारीच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानें वर पाहिलेंहि नाहीं.

एका परिचित शिक्षकबंधूंच्या खटपटीनें एका शाळेचें सभागृह मुक्कामास मिळालें. सामान टाकलें, जवळच्या खाणावळींत पिठलें-भाकरी खाल्ली, आणि मुलांस बसवून ठेवण्यापेक्षां चालविलेलें बरें म्हणून नदीकडे निघालों.

पेठेची गल्ली संपते आणि एकाएकीं कृष्णा समोर येते. वाईचें खरें तोंड रस्त्याकडे नसून नदीकडे आहे. घांसून गुळगुळीत झालेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांवर वाळत घातलेलीं लुगडीं, पाण्यांत अर्धें उतरलेलें एखादें लहानसें देऊळ, पलीकडे ऊंस, आणि मागें पांडवगडाचा डोंगर. मघां रस्त्यावरून दिसलेल्या त्या धुळकट पेठेच्या पाठीमागें हें सर्व उभें असेल अशी कल्पनाहि येत नाहीं. गांवांत एकूण सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. प्रत्येक घाट त्या त्या आळीचा असतो, आणि ती आळी त्यास आपल्या अंगणासारखी वागविते.

यांतील पुष्कळसें बांधकाम रास्ते घराण्याचें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई या रास्त्यांच्याच कन्या. गणपती आळीच्या घाटावरील देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलें. आंतील मूर्ति एका दगडाची असून सुमारें दहा फूट उंच व आठ फूट रुंद आहे. लोक तिला 'ढोल्या गणपति' म्हणतात, आणि देवाला असें घरगुती नांव देणाऱ्या गांवाविषयीं आम्हांस तत्काळ आपुलकी वाटली. परंतु आमच्या मुलांचें लक्ष वेधलें तें मूर्तीपेक्षां देवळाच्या पाठीमागच्या भिंतीनें. ती सपाट नसून माशाच्या आकाराची, टोंकदार अशी बांधलेली आहे. नदीस पूर आला कीं पाणी त्या टोंकावर दुभंगतें आणि दोन्ही अंगांनीं निघून जातें, देवळावर धडकत नाहीं. पुलाच्या खांबांस प्रवाहाच्या बाजूनें टोंक कां काढतात हें विज्ञानाच्या तासाला आम्हीं फळ्यावर आकृति काढून शिकविलें होतें. त्या आकृतीकडे जांभया देत पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें येथें हातानें भिंत चांचपून पाहिली, घाटाच्या कडेस जाऊन एक डोळा मिटून पाहिली, आणि "सर, बांधणाऱ्यानें आधीं पूर पाहिला असणार," असें आपलें मत दिलें. आतां वरच्या अंगास धोमचें धरण झाल्यामुळें नदी पूर्वीसारखी मोकाट नाहीं, तरी भिंतीनें आपला पवित्रा सोडलेला नाहीं.

गंगापुरीच्या घाटावर एक आजी भांडीं घांसून पालथीं घालीत होत्या. एवढीं मुलें पाहून त्यांनीं कोठून आलां, कोणाचे, जेवलां का, असे तीन प्रश्न एका दमांत विचारले. मोटार बिघडल्याची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "बरं झालं. नाहीं तर कोण थांबतंय इथं!" त्यांच्या बोलण्यांत नदी हा शब्द एकदांहि आला नाहीं. त्या 'कृष्णाबाई' म्हणत होत्या, जशी काय ती शेजारच्या घरची वडीलधारी बाई असावी. माघ महिन्यापासून येथें कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, आणि एका आळीचा झाला कीं दुसऱ्या आळीचा अशा क्रमानें तो सर्व घाटांवर फिरतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळीं शिवाजीमहाराजांस यश यावें म्हणून नदीस नवस केला गेला, तेव्हांपासून हा उत्सव चालत आला अशी परंपरा आहे. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं महाराजांच्या भेटीस जाण्यापूर्वीं खानाचा तळ याच वाईस होता, हें तर इतिहासच सांगतो. प्रतापगड हुकला म्हणून हळहळणाऱ्या मंडळींस आम्हीं तेथेंच पायऱ्यांवर बसवून सांगितलें कीं ज्या गोष्टीचा शेवट पाहावयास तुम्ही निघालां होतां, तिचा आरंभ या गांवीं झाला. त्यामुळें सर्वांचें समाधान झालें असें नाहीं. दोघा-तिघांनीं आपले भ्रमणध्वनि काढून महाबळेश्वरचीं चित्रें पाहणें पसंत केलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही मेणवलीस पायीं निघालों. वाईपासून हें खेडें सुमारें तीन किलोमीटर. थंडी चांगलीच होती. वाटेंत एक गुऱ्हाळ लागलें आणि आमची पलटण तेथेंच मोडली. चरकाचा आवाज, चुलवणांत पेटलेलीं चिपाडें, मोठ्या काहिलींत उसळणारा रस, आणि फळीनें तो ढवळणारा गुळव्या. मळी वर यावी म्हणून रसांत भेंडीचें पाणी घालतात, हें पुष्कळांस नवें होतें. गुळव्यानें मुलांच्या हातांवर कोमट काकवी घातली. ओताऱ्याचा मुलगा मात्र हात पुढें न करतां चुलवणाच्या तोंडाशीं बसून जाळाचा रंग पाहत होता. "गुळव्याला थर्मामीटर लागत नाहीं, सर. आमच्या बाबांनाहि लागत नाहीं," तो म्हणाला. मोटार बंद पडल्यापासून तो आपण होऊन बोलला हें पहिलेंच वाक्य.

मेणवली हें गांव १७६८ सालीं नाना फडणीस यांस मिळालें. सहा चौकांचा त्यांचा वाडा अद्याप उभा आहे, आणि त्यांत सांपडलेला त्यांचा पत्रव्यवहार 'मेणवली दप्तर' या नांवानें इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. वाड्याची नासधूस पाहून वाईट वाटतें, आणि सागवानी खांब व भिंतींवरचीं चित्रें पाहून बरेंहि वाटतें. एवढ्यावर वाड्याचें वर्णन आम्ही पुरें करतों, कारण आम्हांस लिहावयाचें आहे तें त्याच्या मागच्या घाटाविषयीं. चंद्रकोरीसारखा वळलेला हा घाट थेट कृष्णेंत उतरतो. वर वडा-पिंपळाची सांवली, मेणेश्वर महादेवाचें देऊळ, आणि जवळच एका लहानशा दगडी मंडपांत टांगलेली एक प्रचंड घंटा.

घंटेवर बालक येशूस घेतलेल्या मरियेची मुद्रा आहे, आणि १७०७ हें साल आहे.

ही घंटा महादेवाची नव्हे हें मुलांच्या ध्यानांत यावयास वेळ लागला नाहीं. ती वसईची. वसई १५३४ पासून पोर्तुगीझांच्या ताब्यांत होती. चिमाजी अप्पांच्या सैन्यानें पुष्कळ रक्त सांडून मे १७३९ मध्यें ती घेतली, शरण आलेल्या शिबंदीस सन्मानानें जाऊं दिलें, आणि चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील प्रसिद्ध घंटाहि त्यांपैकींच. तिच्यावर १७२१ हें साल आहे.

आमच्या वर्गांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती अशीं सर्व मुलें आहेत. इतका वेळ गुळाच्या गोष्टी करणारी मंडळी येथें एकाएकीं दोन बाजूंस झाली. एक ख्रिस्ती विद्यार्थी म्हणाला, "सर, ही तर चर्चची आहे. मग परत कां नाहीं देत?" त्यावर दुसरा म्हणाला, "जिंकून आणलीय. जिंकलेलं कोणी परत देतं का?" आवाज चढूं लागले. कोणी आमच्याकडे पाहिलें, आणि आम्ही कोणत्या बाजूचे हें ठरविण्याचा त्यांचा प्रयत्न आम्हांस स्पष्ट दिसला. ख्रिस्ती शिक्षकाच्या वाट्यास अशी नजर अधूनमधून येतेच.

आम्हीं त्यांस पायऱ्यांवर बसविलें आणि जें ठाऊक आहे तें सर्व सांगितलें. पोर्तुगीझांच्या अमलांत उत्तर कोंकणांतील देवळें मोडलीं गेलीं आणि धर्माच्या नांवाखालीं जुलूम झाला, हें आम्हीं लपविलें नाहीं. तो जुलूम करणाऱ्यांनीं ज्या मातेची मुद्रा या धातूवर उठविली, तिचा त्या जुलमाशीं कांहीं संबंध नव्हता, हेंहि सांगितलें. वसईच्या तटाखालीं मेलेल्या मराठ्यांचीं घरें या आसपासच्याच मुलखांत होतीं, आणि घंटा गेल्यानंतर वसईच्या ख्रिस्ती खेड्यांतून ज्यांस ती ऐकूं येईनाशी झाली तीं माणसेंहि मराठीच बोलणारीं होतीं, हें सांगितलें. मग एक हिशेब घातला. १७०७ सालीं ओतलेली घंटा १७३९ पर्यंत वसईस किती वर्षें वाजली असेल? फार तर ३२. आणि या घाटावर? दोनशेंहून कितीतरी अधिक. हा आंकडा ऐकून दोन्ही पक्ष जरा गप्प झाले. पण निकाल लागला असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हींहि निकाल दिला नाहीं.

वाद चालला असतां ओताऱ्याचा मुलगा कोठें होता? तो घंटेखालीं होता. आधीं नदीवर जाऊन त्यानें हातपाय धुतले, मग तेथील माणसास विचारून तो मंडपांत शिरला, आणि घंटेच्या आंत मान घालून पाहत होता. बाहेर आला तेव्हां त्याचा चेहरा निराळाच दिसला.

"सर, हीं अक्षरें कोरलेलीं नाहींत. ओततांनाच उठवलीं आहेत," तो म्हणाला.

"तुला कसें कळलें?"

"कोरलेल्याला धार असते. ह्याला नाहीं. आधीं मेणाचीं करून लावलीं असणार." आणि मग जो विद्यार्थी वर्गांत उत्तर येत असूनहि मान खालीं घालून बसतो, तो त्या पायरीवर उभा राहून बोलूं लागला. माती व शेण मळून आंतला गाभा कसा करतात. तो वाळला कीं त्यावर मेण आणि राळ यांचा थर कसा देतात. जेवढा मेणाचा थर जाड तेवढीच घंटा जाड. त्यावर वस्त्रगाळ मातीचा पहिला हात, मग भरड मातीचे थर. मग भाजलें कीं मेण वितळून वाटेनें बाहेर येतें, आणि त्या पोकळींत रस ओततात. घरीं लहान घंटा अशा होतात. एवढी मोठी कशी केली तें बाबांस विचारीन, पण एक गोष्ट कोणत्याहि रीतीनें केली तरी चुकत नाहीं, असें तो म्हणाला. सगळा रस एका दमांत पडला पाहिजे. मध्यें धार तुटली तर तेथें सांधा राहतो, आणि घंटा जन्मभर बद्द वाजते. तांब्यांत कथील कमी पडलें तर नाद उमटत नाहीं, जास्त झालें तर घंटा ठिसूळ होऊन तडकते. ही पंचधातूची आहे असें तेथील लोक सांगतात. तें त्यास पटलें नाहीं. "कांसेंच असणार, सर. रंग बघा."

कोणी तरी म्हणालें, "वाजवून दाखव." त्यानें प्रथम बोटाच्या पेरानें घंटेच्या ओठावर टिचकी दिली आणि कान लावला. मग लोळा धरून एकच टोल दिला. तो नाद पाण्यावरून पलीकडच्या ऊंसांत गेला आणि परत आला असें वाटलें. मुलें मोठ्यानें आंकडे मोजूं लागलीं. एकोणीसपर्यंत तो ऐकूं येत होता. विसाव्या आंकड्याविषयीं मतभेद आहे. मघां घंटा परत मागणाऱ्या मुलानें त्यास विचारलें, "काय रे, वसईला न्यायची झाली तर नेतां येईल?" तो म्हणाला, "नेऊं नये. एवढ्या लांब धक्के बसले, एक बारीक चीर गेली, कीं संपलंच." दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत हा मुद्दा कोणास सुचला नव्हता.

दुपारीं वाईस परतल्यावर मोटार अजून उघडीच पडली होती. वेळ होता म्हणून मराठी विश्वकोशाच्या कचेरीकडे गेलों. ज्या ग्रंथाचें नांव आमचे विद्यार्थी निबंधांत घालतात, त्याचें काम वाईसारख्या लहान गांवीं चालावें याचें त्यांस नवल वाटलें. याचें मूळ येथील प्राज्ञपाठशाळेंत आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढें केवलानंद सरस्वती, यांनीं ती पाठशाळा चालविली. १९१७ सालीं तरुण विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमांतून वर्षाची रजा घेऊन त्यांच्यापाशीं शिकावयास आले, आणि रजा संपली त्या दिवशीं आश्रमांत हजर झाले. (रजेचा अर्ज करणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.) त्याच पाठशाळेंत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. १९६० सालीं सरकारनें साहित्य-संस्कृति मंडळ स्थापून त्यांस अध्यक्ष केलें आणि विश्वकोशाचें काम त्यांच्याकडे आलें. पण त्यांनीं वाई सोडली नाहीं, तेव्हां विश्वकोशासच वाईस येऊन राहावें लागलें. पहिला खंड १९७६ सालीं निघाला. शास्त्रीबोवा १९९४ मध्यें निवर्तले. सर्व खंड पुरे व्हावयास एकविसावें शतक उजाडलें.

कचेरींतील एका सद्‌गृहस्थांनीं मोठ्या अगत्यानें खंड टेबलावर मांडले आणि मुलांस म्हणाले, "ज्याला जें पाहिजे तें शोधा." क्रिकेट, अणुबाँब, साप, असे शोध सुरू झाले. आमच्या ओताऱ्याच्या मुलानें पुष्कळ वेळ कोणताच खंड उघडला नाहीं. मग हळूच विचारलें, "सर, आमच्या धंद्याचं यांत असेल?" आम्हीं 'ओ' अक्षराचा खंड त्याच्यापुढें सरकविला. 'ओतकाम' ही नोंद सांपडली. तो ती बोट ठेवून वाचूं लागला. आमचे सहकारी चहास बोलवावयास आले, तरी त्याचें बोट पानावरून निघालें नाहीं. आमच्या देशांत ओताऱ्याचा मुलगा आपला धंदा सांगतांना आवाज खालीं आणतो. तोच धंदा तर्कतीर्थांच्या ग्रंथांत इतर विद्यांच्या पंक्तीस बसलेला पाहून त्याला काय वाटलें तें आम्हीं विचारलें नाहीं. उठतांना त्यानें एवढेंच सांगितलें कीं ठीक लिहिलें आहे.

मोटार सायंकाळीं उशिरां सज्ज झाली. तिसऱ्या दिवशीं पसरणीचा घाट चढून पांचगणीचें पठार पाहिलें आणि तेथूनच मागें फिरलों. त्या रम्य स्थळाचें वर्णन आमच्या आधीं पुष्कळांनीं केलें आहे. महाबळेश्वर व प्रतापगड राहिले ते राहिलेच. शिल्लक पैशांचा हिशेब करून प्रत्येक विद्यार्थ्यास ४१० रुपये परत केले. "नदीवरचे घाट पाहायला एवढे पैसे कशाला?" असें एका पालकांनीं विचारलें, आणि प्रश्न त्यांच्या दृष्टीनें रास्त होता. घंटेवरून झालेला वाद वर्गांत अजून मधूनमधून निघतो. तो आतां वसईच्या मोहिमेचीं पुस्तकें वाचून निघतो, हा फरक.

जानेवारींत स्नेहसंमेलनाच्या दिवशीं ओताऱ्याच्या मुलाचे वडील शाळेंत आले. यापूर्वीं ते कधीं आले नव्हते. मुलाच्या गुणांविषयीं विचारतील असें वाटलें होतें, पण त्यांनीं विचारलें, "सर, त्या घंटेचा ओठ किती जाड असेल?" आम्हांस सांगतां आलें नाहीं. मागें उभ्या असलेल्या मुलानें बोटें जुळवून माप दाखविलें. वडील त्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग आम्हीं शाळेचा विषय काढला. दहावीनंतर सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ओतकामाचा अभ्यासक्रम आहे, त्यास फाउंड्रीमन म्हणतात, तेथें मोठ्या भट्ट्या व धातूंची परीक्षा शिकवितात, हें सांगितलें. "आणि माझ्या भट्टीवर कोण बसणार?" ते म्हणाले. याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. जातांना ते म्हणाले, "पाहूं."

हें लिहीत असतांना परीक्षा तोंडावर आली आहे, आणि त्यांचा निर्णय आम्हांस अद्याप कळलेला नाहीं. परीक्षा संपली कीं बापलेक मेणवलीस जाणार आहेत एवढें नक्की. एस्‌.टी. वाईपर्यंत मिळते, पुढें वाट पायीं आहे, आणि घंटेस हात लावण्यापूर्वीं तेथील माणसास विचारावें लागतें, हें मुलानें वडिलांस सांगून ठेविलें आहे.